कुठला? कोणाचा? कुठे निघालास?



गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या विहारात वंदना आटोपली आणि नेहमीप्रमाणे महिला मंडळाची बैठक बसली. विषय एकच होता. मुंबईच्या पूर्व उपनगरातली आमची वसाहत. तिच्या तोंडाशी, रिक्षा उभ्या राहतात तिथल्या खांबावर, पोलिसांचा कॅमेरा बसणार होता. मंडळाने संमतीचे पत्र द्यावे, असा चौकीतून निरोप होता.

पत्राला कोणाचीच ना नव्हती. दिवाळीच्या तोंडावर दूध आणायला निघालेल्या एका वहिनींच्या गळ्यातली पोत भर सकाळी मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली होती. आमच्या मुली रात्रपाळी करून परततात, कोणी इस्पितळातून, कोणी मॉलमधून. त्या खांबापाशी अंधारात टोळके बसलेले असते. कॅमेरा आला तर जरब बसेल, हे सर्वांचे मत. मीही हात वर केला. खोटे कशाला सांगू, सर्वांच्या आधी केला.

मागे भिंतीला टेकून आमच्या वसाहतीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजी बसल्या होत्या. पंच्याऐंशी त्यांनी कधीच ओलांडली. त्या म्हणाल्या, "लावा की. नको कोण म्हणतंय? पण त्याची वही कोणापाशी राहणार?"

बायका हसल्या. "आजी, कॅमेऱ्याला कसली वही?"

"असती की. वहीशिवाय सरकार कुणाला बघत नाही."

मग आजींनी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांचे गाव सोलापूरकडचे. गावाबाहेर माळावर पारध्यांची पालं होती. दिवस कलला की त्यातले बापे पाटलाच्या वाड्यासमोर हजेरीला उभे राहायचे. परगावी जायचे तर चिठ्ठी लागे. एकदा एकाचे पोर तापाने फणफणले. बाप त्याला खांद्यावर टाकून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि संध्याकाळची हजेरी चुकली. दुसऱ्या दिवशी त्याला धरून नेले. पोर वाचले, पण बाप कित्येक महिने माळावर दिसला नाही. "चोरी केली होती का हो त्यानं?" असे कोणीतरी विचारले. आजी म्हणाल्या, "चोरी कशाची? वहीत नाव होतं ना."

ही इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची करणी. त्या जमातीत जन्मलेला माणूस जन्मतःच संशयित. देश स्वतंत्र झाल्यावर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. म्हणून आपले भटके-विमुक्त बांधव तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु कायदा गेला तरी वही लगेच जात नाही. सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे आले, आपल्या राज्यात १९५९ साली, आणि पुष्कळ जुनी नावे नव्या वहीत उतरली.

आजींचे बोलणे संपले आणि आमच्या गल्लीतली एक ताई रडायला लागली. चार घरची धुणीभांडी करून तिने तीन मुले वाढवली. बाई कधी कोणापुढे हात पसरणारी नाही, रडणारीही नाही. दीड महिन्यापूर्वी जे घडले होते ते तिने तोवर कोणालाच सांगितले नव्हते.

तिचा थोरला बावीस वर्षांचा. पार्सल पोचवण्याचे काम करतो. दिवसाला शंभर-सव्वाशे दारांच्या बेल वाजवतो. एक दिवस त्याला पोलीस ठाण्यातून फोन आला, "येऊन जा." का, ते सांगितले नाही. गेल्यावर कळले की एका सोसायटीत घरफोडी झाली आणि त्या दुपारी त्याच्या मोबाईलचे "लोकेशन" तिथलेच निघाले. निघणारच! त्याच सोसायटीत त्याने त्या दुपारी चार पार्सले दिली होती. हे तो सांगत राहिला. त्याला दोन दिवस, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत, बाकावर बसवून ठेवले. फोन काढून घेतला. एका शिपायाने आपल्या मोबाईलवर त्याचा समोरून आणि बाजूने फोटो काढला. नोटीस नाही, जबाब नाही, कागद म्हणून नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले, "जा, लागलं तर बोलावू."

ताईने आपल्या परीने धडपड केली होती. सोसायटीच्या दाराला कॅमेरा आहे, हे तिला ठाऊक होते. मुलगा आत किती वाजता गेला, बाहेर किती वाजता आला, हातात काय होते, सगळे त्यात असणार. ती तिथे गेली. रखवालदाराने फाटकाबाहेर उभे केले. सेक्रेटरी म्हणाले, आम्ही फक्त पोलिसांना देतो. पोलीस म्हणाले, आम्हाला गरज वाटत नाही. ताई तीन वेळा जाऊन आली. तोवर यंत्राने जुने चित्रण पुसून त्याच जागी नवे भरले होते. अशी यंत्रे ठरावीक दिवसच साठवण ठेवतात. वर तिच्या चार घरांपैकी एका घरी कोणीतरी कळवले की हिचा मुलगा चौकीत बसलेला असतो. ते काम सुटले.

बैठक तिथेच थांबली. पत्रावर सह्या झाल्या नाहीत. माझा वर गेलेला हात मला आठवत राहिला, आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी जे वाचले, वकील मंडळींना विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी हे लोकेशन म्हणजे काय ते बघू. मोबाईल चालू असला की तो थोड्या थोड्या वेळाने जवळच्या टॉवरला आपला ठावठिकाणा कळवतो. कळवला नाही तर तुमचा फोन वाजणारच नाही. कोणता फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता, याची नोंद कंपनीच्या दप्तरात राहते. शहरात टॉवर दाट, त्यामुळे मोहल्ल्यापर्यंत अंदाज येतो. खेड्यात टॉवर विरळ, तिथे कोस-दोन कोसांचा घोळ. म्हणजे टॉवरची नोंद माणसाला घराच्या दारापाशी उभे करीत नाही. त्या भागातल्या हजारो माणसांत तोही एक होता, एवढेच ती सांगते. पोलीस कधी कधी एका टॉवरवरचे त्या वेळचे सगळेच नंबर मागवतात. त्यात घरफोड्याही असेल, दूधवालाही, आणि त्या दिवशी बहिणीकडे आलेली पाहुणीही. मग त्यातून कोणाला बाकावर बसवायचे? पाहुणीला कोणी बसवत नाही. पार्सलवाला, कचरा उचलणारा, रंगाऱ्याचा हेल्पर, हेच सापडतात.

हे दप्तर मागवायला आपल्याकडे न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली (१ जुलै २०२४ च्या आधी हे जुन्या फौजदारी संहितेचे ९१ वे कलम होते) ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी मागणी केली तरी चालते. फोनवरचे बोलणे चोरून ऐकायचे तर गृहसचिवाची परवानगी लागते. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर काही बंधने घातली. पण तिथेही परवानगी देणारा सरकारचाच अधिकारी. आणि अशा नोंदी पोलिसांपुरत्याच राहतात असेही नाही. २०१८ साली ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना पकडले. ते लोकांच्या फोनच्या नोंदी बेकायदा मिळवून गिऱ्हाइकांना विकत होते. कोण कोणाचा माग काढायला अशा नोंदी विकत घेत असेल, हे या पानाच्या भगिनींना मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, रस्ता सार्वजनिक आहे. तिथे खासगी ते काय? ज्याला लपवायचे नाही त्याने कशाला भ्यायचे? आमच्या घरातही हाच वाद झाला. आमचे हे म्हणाले, "मी कामावर जातो, घरी येतो. बघू दे सरकारला."

मी त्यांना त्यांच्याच वडिलांची आठवण दिली. माझे सासरे १९५० च्या दशकात गाव सोडून मुंबईला गिरणीत आले. का आलात, असे विचारले की ते पोटापाण्याचे कारण सांगत. पण कधी खुशीत असले म्हणजे दुसरे सांगत. गावात वेशीतून आत पाऊल टाकले की कोणीही हटकायचे, "कुठला? कोणाचा? कुठे निघालास?" विचारणारा पोरगा असला तरी सासऱ्यांच्या वडिलांना थांबून, मान खाली घालून उत्तर द्यावे लागे. त्या तीन प्रश्नांत जात, वाडा, मालक सगळे येई. मुंबईत उतरले, परळच्या गर्दीत शिरले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. सासरे म्हणायचे, "त्या दिवशी मी नुसता चालत होतो. उगीचच चालत होतो."

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याबद्दल जे कठोर शब्द काढले, त्यांचा अर्थ सासऱ्यांना पुस्तक न वाचता कळला होता. सार्वजनिक हा शब्दही आपल्याला फुकट मिळालेला नाही. २० मार्च १९२७ ला महाडचे तळे सर्वांचे होते, सरकारी ठरावानेही सर्वांचे होते, तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना आपले लोक घेऊन तिथवर चालत जावे लागले. रस्ता, पाणवठा, गाडीचा डबा, बाग या ठिकाणी इतरांसारखे, कोणी न हटकता वावरता येणे हे आपल्या आजोबांनी मिळवलेले धन आहे.

आणखी एक गोष्ट. बंगल्यात राहणाऱ्याचा एकांत घरात असतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर आपण चौपाटीवर जातो. सुनेला माहेरच्या दुःखाचे बोलायचे असते तेव्हा ती नळावर नाहीतर बाजाराच्या वाटेवर बोलते. दारू सोडण्यासाठी जाणारा बाप, क्षयाच्या गोळ्या आणायला लांबच्या दवाखान्यात जाणारी मुलगी, मार खाऊन वकिलाकडे निघालेली बहीण, युनियनच्या बैठकीला जाणारा कामगार, ही सगळी माणसे रस्त्यावरच असतात आणि त्यांना कोणी ओळखत नाही, हाच त्यांचा आडोसा असतो. एकदा रस्त्यावर दिसलो म्हणून काय झाले? पण महिनाभर कुठे कुठे गेलो याची रोजची नोंद एका जागी केली, तर ती चावडीवरची वही होते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यात आपोआप लिहिली जातात, आपल्याला विचारायचीही गरज पडत नाही.

हा प्रश्न कोर्टात पहिल्यांदा आला तो एका साध्या माणसामुळे. उत्तर प्रदेशातला खडक सिंग. १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून त्याला पकडले, पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. मग वर्षानुवर्षे रात्री चौकीदार आणि शिपाई येऊन दार ठोठावत, त्याला उठवून बाहेर बोलावीत. परगावी निघाला तर कुठे जातोस ते सांगून जायचे, आणि त्या गावच्या पोलिसांकडे आधी वर्दी पोचायची. त्याच्याकडे कोण येते, तो काय कमावतो, कसा खर्च करतो, सगळे लिहून ठेवायचे. १८ डिसेंबर १९६२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. रात्री घरी येऊन दार ठोठावणे सर्वांनीच घटनाबाह्य ठरवले. पण रस्त्यावर त्याच्या मागावर राहणे, ये-जा लिहून ठेवणे याला चौघांनी आक्षेप घेतला नाही. त्याने कोणाची हालचाल अडत नाही आणि खासगीपणाचा हक्क घटनेत लिहिलेलाच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि न्यायमूर्ती शहा यांनी वेगळे मत लिहिले. मागे सावली लावून दिलेला माणूस मोकळा कसा म्हणायचा, असा त्यांचा रोख होता. मनावरचा दाब हाही बंधनच आहे, असे सुब्बा रावांनी बजावले.

घटनेत लिहिलेला नाही, हे खरे. पण लिहायचे कोणाच्या मनात होते, ते आपल्या समाजाला ठाऊक असायला हवे. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. आपण ते वाचतो ते राज्य समाजवादासाठी आणि अस्पृश्यांच्या संरक्षणासाठी. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत एक कलम असे आहे की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची विनाकारण झडती किंवा जप्ती होऊ नये, आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय, कोणती जागा आणि कोणती वस्तू ते नेमके नमूद केल्याशिवाय वॉरंट निघू नये. हे कलम अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १७९१ च्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना ती माहीत असणारच. पोलिसांच्या तपासाला अडचण होईल, असा आक्षेप निघाला आणि कलम मसुद्यात टिकले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती घटना समितीत मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. पण ती मंजूर झाली नाही. ती झाली असती तर खडक सिंगाचा खटला कसा गेला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेत त्या दुरुस्तीचा उपयोग कसा झाला, ते थोडक्यात सांगते, कारण तिथला खटला मोबाईलचाच आहे. डेट्रॉइट शहराच्या आसपास मोबाईलची दुकाने लुटल्याच्या प्रकरणात टिमोथी कार्पेंटर नावाचा आरोपी होता. तपास यंत्रणेने वॉरंट न घेता फोन कंपनीकडून त्याच्या १२७ दिवसांच्या ठावठिकाण्याच्या नोंदी मिळवल्या. एकूण १२,८९८ नोंदी, म्हणजे दिवसाला सरासरी शंभरावर. जून २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की असे दप्तर घ्यायचे तर आधी न्यायाधीशासमोर कारण मांडून वॉरंट घ्या. यावर कोणी म्हणेल, म्हणजे दरोडेखोर सुटला! नाही सुटला. वरच्या कोर्टाने नियम घालून दिला, पण पोलीस तेव्हाच्या कायद्याला धरून वागले होते म्हणून त्याची शिक्षा पुढे २०१९ मध्ये कायम राहिली. वॉरंट मागितल्याने चोर सुटतात, ही भीती दाखवणाऱ्यांना हे जरूर सांगावे.

आपल्याकडे खडक सिंगाच्या निकालातला तो भाग पुसायला पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे ठरवले. त्याच निकालात एक वाक्य आपल्या कामाचे आहे. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो, असा त्याचा आशय आहे. आणि ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक (हे मूळचे आपल्या ठाण्याचे) आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी आणखी स्पष्ट केले. अमली पदार्थाच्या खटल्यातल्या एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली होती की मोबाईलच्या नकाशावर आपले ठिकाण दाखवत राहायचे. ही अट कोर्टाने काढून टाकली. जामिनावर सुटलेल्याच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांनी सतत नजर ठेवणे घटनेच्या २१ व्या कलमाच्या विरुद्ध आहे, असे ठरले. ज्याच्यावर खटला चालू आहे त्याला एवढे संरक्षण, मग आमच्या ताईच्या पोरावर तर गुन्हाही नोंदलेला नाही.

आजींच्या वहीबद्दलही कोर्ट बोलले आहे. ७ मे २०२४ च्या निकालात, दिल्लीच्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटच्या निमित्ताने, सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांना सांगितले की मागासवर्गीय, अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांतल्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहाने अशा दप्तरात चढवली जाऊ नयेत. मात्र २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात गुन्ह्याच्या तपासाला आणि सरकारी यंत्रणांना भरपूर सवलती ठेवल्या आहेत. म्हणून नुसत्या त्या कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

कॅमेऱ्याला माझा विरोध आहे का? नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेरे बसवायचे ठरले आणि २०१६ पर्यंत साडेचार हजारांहून अधिक बसले. पोत ओढणारे त्यामुळे सापडले असतील तर मला आनंदच आहे. पोलिसातही आपलीच मुले आहेत, त्यांचे कष्ट मी जाणते. परंतु कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे, हे बघायला नको का? २ डिसेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने हुकूम दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. फाटकावर, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोलीत. आवाजासकट आणि अंधारातही दिसेल असे. चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपायचे. २०२५ साली, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून, सुप्रीम कोर्टाला हा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला. रस्त्यावरचे कॅमेरे मात्र वाढतच आहेत.

पुढच्या बैठकीत आम्ही पत्र दिले. संमतीच दिली, पण कोऱ्या कागदावर अंगठा दिल्यासारखी नाही. कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे असावे, घरांच्या दारांकडे आणि नळाकडे नको. चित्रण किती दिवस राहते आणि कोणाच्या ताब्यात असते, हे खांबावर पाटी लावून मराठीत लिहावे. आमच्या माणसावर आळ आला तर ते चित्रण पुसण्याआधी त्यालाही मागता यावे. चेहरे ओळखणारे यंत्र त्याला जोडणार असाल तर तसे लेखी कळवावे. पत्र लिहिताना तरुण मुलींनी एक गोष्ट हट्टाने घालायला लावली. आधी त्या कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा लावा. त्याचे मला सर्वांत कौतुक वाटले.

आणि ज्यांच्या घरी असा फोन येईल त्यांच्यासाठी वकिलांनी सांगितलेले इथे लिहून ठेवते. "येऊन जा" म्हटले तर नम्रपणे लेखी नोटीस मागावी. तशी तरतूद कायद्यात आहे. साक्षीदार म्हणून बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीपुढच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. एकट्याने जाऊ नये. आत किती वाजता गेलो, बाहेर किती वाजता आलो, हे घरच्या कोणीतरी वहीत लिहावे. एक वही आपलीही असावी. फोन घेतला तर पावती मागावी. आणि कुठल्या कॅमेऱ्यात आपला पुरावा असेल असे वाटले तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन चित्रण जपून ठेवा असे कळवावे, पोच घ्यावी. ताईचे तीन आठवडे फेऱ्यांत गेले, तसे होऊ देऊ नये.

ताईने आता माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आहे. मुलगा ज्या दोन दिवशी बाकावर बसून होता, त्या दोन दिवसांचे ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण आणि त्याला कोणत्या कागदावर बोलावले त्याची प्रत तिने मागितली आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. मिळेलच असे नाही, नाही म्हणाले तर अपील करायचे ठरले आहे. अर्ज मी लिहून दिला, सही मात्र ताईने स्वतः केली. सही करायला तिने बराच वेळ घेतला, रात्रशाळेत दोन वर्षे गेली होती तेव्हा शिकलेली. पोचपावती तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवली आहे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आज एकविसावा दिवस.